कार्डावरची दोन नावं

१२ जानेवारी

अहो,

मायना काय लिहावा या विचारात दोन कागद फुकट गेले, म्हणून शेवटी जुनीच हाक लिहिली. सहा वर्षांत ती कोणाला मारली नाही. गंज चढला असेल, चालवून घ्या. फोन का केला नाही, असं विचाराल. फोनवर तुम्ही गप्प बसता, आणि गप्प बसलेल्या माणसाचं काही तपासता येत नाही. कागद निदान उजेडात धरून बघता येतो.

मला कामावरून काढलं. मला एकटीला नाही, आमचा अख्खा तपासणी विभागच बंद केला. काचेच्या बाटल्या आता कॅमेरा तपासतो. सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना दोन काळी खोकी बसवली आहेत. बाटली त्यांच्या मधून जाते आणि त्यांना पसंत पडली नाही की फुस्सकन हवा येऊन ती पेटीत ढकलली जाते. साहेब म्हणाले, हा कधी थकत नाही. मी म्हटलं, थकला तर तुम्हाला कळणार कसं? ते हसले. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

आमच्या विभागाची पद्धत तुम्हाला शंभरदा सांगून झाली आहे, तरी परत सांगते, कारण आता ती ऐकायला कोणी उरलं नाही. दिव्याच्या पांढऱ्या फळीसमोर बसायचं, पुढून बाटल्या जात राहतात, त्यात बुडबुडा, खडा, चीर शोधायची. थोडा वेळ झाला की मागून जोडीदारीण यायची आणि खांद्यावर हात ठेवायची. हात पडला की उठायचं आणि खुर्ची तिला द्यायची. 'मला अजून दिसतंय' असं म्हणायचं नाही. डोळा बघायचा थांबला की त्याचं त्यालाच कळत नाही, म्हणून तर तो हात. मी इतकी वर्षं एकदाही कुरकुर न करता उठले. त्या खोक्यांच्या मागे कोण उभं राहणार आहे?

आता मुद्द्याचं. विम्याच्या टेबलावरच्या बाईने बोलावून सांगितलं की नोकरी गेली तरी कंपनीचा आरोग्य विमा दीड वर्ष पुढे चालू ठेवता येतो. फक्त हप्त्यातला कंपनीचा वाटाही आपणच भरायचा. फेब्रुवारी संपेपर्यंत हो किंवा नाही सांगायचं, नंतर पाया पडलात तरी दार बंद. कार्डावरची कोणती नावं ठेवायची आणि कोणती काढायची तेही तेव्हाच सांगायचं, आणि काढलेलं नाव परत चढत नाही. बाहेरून नवा विमा घ्यावा म्हटलं, तर अंगात आधीपासून असलेल्या दुखण्याला ते लोक पहिली काही वर्षं हातच लावत नाहीत.

हे सांगताना ती बाई माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत होती. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. नोकरीवरून काढणारी कंपनी जाता जाता काही देऊ करते म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणार.

तर कार्डावर दोन नावं आहेत, एक माझं आणि एक तुमचं. लेकीचं तिच्या लग्नानंतर निघालं. तुमचं का राहिलं ते विचारू नका, काढायला ऑफिसात एक चक्कर मारावी लागते, ती झाली नाही. मी विमा बंदच करणार आहे. मला आजवर सर्दीपलीकडे काही झालेलं नाही. पण नाव तुमचं, तेव्हा विचारलेलं बरं. 'काढून टाक' एवढं लिहून पाठवा. दोन शब्द तुम्हाला जड जात नाहीत, तिसरा जातो.

आणखी एक. नात झाली तेव्हा तुम्ही लेकीकडे आला होतात. मी टेबलापाशीच बसले होते. तुम्ही आलात, बाळाला घेऊन घरभर फिरलात, जेवलात आणि निघून गेलात. माझ्या बाजूला फिरकला नाहीत. ते मी मनात मोजून ठेवलं आहे.

कार्डापुरती तुमची,
मी


२४ जानेवारी

अहो,

तुमचं पत्र उलट टपाली आलं, पहिली शंका तिथेच आली.

आपण वेगळे झालो तेव्हापासून तुमच्याकडून मला एक ओळ नाही. तुम्ही गेलात की मी घालवलं यावर आपलं कधी एकमत झालं नाही, तेव्हा त्यात शिरत नाही. निरोप असला तर तो लेकीच्या तोंडून यायचा, तोही अर्धा. आणि आता सरळ तीन वाक्यं! 'माझं नाव काढू नकोस. विमा चालू ठेव. माझा वाटा मी पाठवीन.' कशी आहेस, नोकरी गेली तर वाईट झालं, यातलं काही नाही. नाव ठेव म्हणे.

मी पत्र खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. हसू नका, सवय आहे. ओळी उजवीकडे जाता जाता खाली उतरल्या आहेत. पाट्या रंगवणारा माणूस तुम्ही. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता, अख्ख्या दुकानाच्या रुंदीची ओळ सरळ ओढायचात, आणि खालून बघणारे तोंडात बोट घालायचे. तोच माणूस साध्या कागदावर घसरतो? म्हणजे पत्र टेबलावर लिहिलेलं नाही. मांडीवर, घाईत, कोणाची तरी चाहूल ऐकत लिहिलेलं आहे. कोणाची ते तुम्हीच सांगा.

माझ्या तीन शंका आहेत. पहिली, तिथे कोणी बाई आहे. असेल तर असू दे, मला त्याचं काही नाही, फक्त हे वाक्य लिहिताना पेनाची शाई संपली हा योगायोग आहे. दुसरी, माझ्या कार्डावर दुसऱ्याच कोणाला तरी दवाखान्यात न्यायचा तुमचा बेत आहे. हे मी विम्याच्या बाईला विचारूनही आले. कार्डावर फोटो नसतो, मग तुम्ही ओळखता कसे, असं विचारलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, मावशी, तुम्ही पोलिसात होता का? तिसरी शंका मी लिहीत नाही.

इथेही सगळं सरळ चाललं आहे असं समजू नका. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जिन्यात सायकल आडवी लावतो. दोनदा माझी डावी नडगी फुटली. त्याला झापलं तर म्हणतो, काकू, ती दोन वर्षं इथेच असते. चेहरा इतका भोळा करतो की एखाद्याला खरं वाटावं. सुताराने कपाटाचं दार बसवताना काहीतरी घोळ करून ठेवला आहे, ते आपोआप उघडं राहतं आणि माझ्या कपाळाला लागतं. तेही डाव्याच बाजूला. आपल्या घरात हल्ली मला प्रत्येक वस्तूवर नजर ठेवावी लागते.

विमा चालू ठेवायचा की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. तुम्ही म्हणालात म्हणून तर मुळीच ठेवणार नाही. आधी कारण कळवा.

वाट बघत नसलेली,
मी


९ फेब्रुवारी

अहो,

कारण विचारलं होतं, तुम्ही पैसे पाठवलेत. पैसे पाकिटात तसेच ठेवले आहेत. पाकिटावरचा माझा पत्ता तुमच्या हातचा नाही, गोल गोल अक्षरात कोणीतरी लिहिला आहे. पहिल्या शंकेला बळ आलं होतं. पण परवा लेक येऊन गेली आणि सगळं चित्रच फिरलं. ती आली म्हणजे काय, तुम्ही पाठवलेली होती. नाही म्हणू नका.

मी स्वयंपाकघरात होते. ती बाहेर फोनवर हळू आवाजात बोलत होती. तुम्हाला माहीत आहे, आमच्या पट्ट्याच्या खडखडाटात मी बाटलीला बाटली लागलेली ऐकायचे. ती म्हणाली, "हो बाबा. नाही, अजून तयार नाही. बघते." मी बाहेर आले आणि विचारलं, कोण तयार नाही? म्हणाली, बाबा विचारत होते, नात चालायला लागली का. नात गेल्या महिन्यापासून घरभर धावते आहे आणि हे तिच्या आजोबाला माहीत नाही? इतकं कच्चं खोटं बोलायला ती तुमच्याकडून शिकली. माझ्याकडून शिकली असती तर पकडली गेली नसती.

मग मी तिला समोर बसवलं. चहा ठेवला, आणि चहा ठेवताना तिने साखरेचा डबा अशा जागी ठेवला होता की माझा हात लागून तो सांडला. मी ओरडले. ती साखर गोळा करता करता एकदम म्हणाली, आई, विमा आहे तोवर एकदा डोळे दाखवून ये ना. बघा, विषय कसा वळवला. मी तिला भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं खालचं बारीक छापलेलं उभ्या जागेवरून वाचून दाखवलं. कंपनीत दरवर्षी डोळे तपासायचे, आणि तक्त्यावरची शेवटची ओळ शेवटच्या वर्षीही मी घडाघडा वाचली होती. अख्ख्या कारखान्यात मला दुर्बीण म्हणत होते. तिला म्हटलं, माझ्या डोळ्यांचं सोड, तुझ्या बापाला काय झालं आहे ते सांग.

 ती म्हणाली, बाबांना काही झालेलं नाही. पण फार लवकर म्हणाली. ज्याला खरंच काही झालेलं नसतं त्याच्याबद्दल माणूस आधी 'म्हणजे?' असं विचारतं. मी पुन्हा विचारलं तर ती रडायला लागली. शेवटी एवढंच म्हणाली, तू विमा बंद करू नकोस, बाबांचं एवढं ऐक. आणि पोरीला कडेवर घेऊन निघून गेली.

तिसरी शंका हीच होती. आता ती शंका राहिली नाही.

तुम्ही आजारी आहात. घसरलेल्या ओळी, दुसऱ्याच्या हातचा पत्ता, उलट टपाली आलेलं उत्तर, सगळं जुळतं. काय झालं आहे ते तुम्ही मला सांगणार नाही, कारण सांगितलंत तर मी येईन, आणि मी आले तर तुम्हाला माझ्याशी बोलावं लागेल. मला भीती वाटते आहे. हे शब्द मी खोडणार होते, पण खोडलेलं तुम्ही उजेडात धरून वाचाल, म्हणून राहू दे. आज दिवसभर मी कोणावर तरी चिडायचं म्हणून सायकलवाल्याला झापून आले, आणि त्याने बिचाऱ्याने सायकल खरंच दुसरीकडे नेली.

मी


२० फेब्रुवारी

अहो,

तुम्ही उत्तर दिलं नाही. आजारी माणसाकडून मी त्याची अपेक्षाही करत नाही.

ऐका. मी काल पुन्हा विम्याच्या बाईकडे गेले होते. तिला विचारलं, कार्डावरच्या दोघांपैकी एकाचंच नाव पुढे चालू ठेवता येतं का? ती म्हणाली, येतं. ज्याची नोकरी गेली त्याने विमा सोडला तरी नवरा किंवा बायको स्वतःपुरता ठेवू शकते. हे तिने पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही, हा प्रश्न आहेच. पण तो नंतर बघीन.

तेव्हा मी ठरवलं आहे. दोघांचा पुरा हप्ता दीड वर्ष भरणं मला झेपणारं नाही, नवी नोकरी मिळेपर्यंत तर नाहीच, आणि या वयात बाटल्या बघण्यापलीकडे मला येतं काय? तुमचा एकट्याचा झेपतो. माझं नाव काढते आणि तुमचं ठेवते. तुम्ही पाठवलेले पैसे मी भरणार नाही, ते तुमच्या औषधाला लागतील, लेकीच्या हाती परत देईन. अठ्ठावीसला, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी, सकाळी ऑफिस उघडताच जाऊन सही करणार. आधी करणार नाही. त्या बाईचा नियम तोवर बदलतो का ते बघायचं आहे.

यावर वाद घालू नका. उपकार करते आहे असंही समजू नका. तुमचं नाव मी इतकी वर्षं काढलं नाही त्याला चक्कर मारायचा कंटाळा हे कारण नव्हतं, हे तुम्हालाही कळलं असेलच. मला विमा कशाला हवा? मला काही होत नाही.

माझी जोडीदारीण, आमच्या विभागातली, परवा भेटली. दोघी बाजारातून येत होतो. बोलता बोलता तिने मला असं काही खसकन मागे ओढलं की पिशवीतले बटाटे रस्त्यावर गेले. डावीकडून गाडी येत होती म्हणे. हल्लीचे लोक कर्कश भोंगे नको तिथे वाजवतात आणि हवे तिथे वाजवत नाहीत. ती घरापर्यंत माझा दंड धरून आली. मी म्हटलं, अगं, मी काय म्हातारी झाले का? तिने दंड काही सोडला नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिलाही काहीतरी माहीत आहे. तुमचं आजारपण सगळ्या गावाला ठाऊक आहे, मी सोडून.

औषधं वेळेवर घ्या. जो कोणी पत्ते लिहून देतो किंवा देते, त्यांना म्हणावं, अक्षर चांगलं आहे.

अजूनही तुमची बायको, कार्डावर आणि इतरत्र,
मी


३० मार्च

अहो,

डाव्या डोळ्याची पट्टी निघाली. डॉक्टरांनी थोडं थोडं लिहायची परवानगी दिली आहे. 'थोडं' म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला जे झालं ते तुम्ही पाहिलंच आहे, तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते. नाहीतर उद्या नातीला तुम्ही ते तुमच्या सोयीने सांगाल.

मी विम्याच्या टेबलासमोर खुर्चीत बसले होते. बाईने कागद पुढे सरकवला होता. माझ्या नावापुढे 'नको' लिहून झालं होतं, तुमच्या नावापुढे 'हवा' लिहून झालं होतं, खाली सही तेवढी राहिली होती. बाईने माझ्या डावीकडे मान वर करून पाहिलं. मला वाटलं, मागचा रांगेतला माणूस घाई करतो आहे, म्हणून मी मुद्दाम सावकाश पेन उघडलं. आणि खांद्यावर हात पडला.

मी उठले. विचार केला नाही, मागे वळले नाही, 'कोण आहे' म्हटलं नाही. इतक्या वर्षांची सवय, हात पडला आणि मी खुर्ची सोडून बाजूला झाले. मग बघते तर माझ्या खुर्चीत तुम्ही बसलेले. बसच्या प्रवासाने चुरगळलेला शर्ट, केस पार पांढरे. आणि तुम्ही त्या बाईला सांगत होता, हा कागद फाडून टाका, दोघांचीही नावं राहू द्या, हप्ता दोघं मिळून भरू.

मी म्हटलं, "तुम्ही आजारी आहात ना?"

"मी ठणठणीत आहे," तुम्ही म्हणालात.

"मग नाव ठेव, नाव ठेव, कशाला लावलं होतं?"

"एकटीसाठी तू हप्ता भरला नसतास. माझ्यासाठी भरशील असं वाटलं. पण तू तर स्वतःचंच नाव काढायला निघालीस."

मला इतका राग आला की मी सरळ दाराकडे चालू लागले. बाहेर वऱ्हांड्यात येऊन उभी राहिले. म्हटलं, येतील मागोमाग. बराच वेळ कोणी आलं नाही. मी समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत मोठ्याने म्हटलं, गेले वाटतं, नेहमीसारखे. आणि माझ्या डाव्या कानाशी तुमचा आवाज आला, "मी इथेच उभा आहे. तू बाहेर आलीस तेव्हापासून." मी मान वळवली तेव्हा तुम्ही हातभर अंतरावर होता. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मग आत जाऊन नव्या कागदावर आपण दोघांनीही सह्या केल्या.

त्याच संध्याकाळी लेकीने येऊन सगळं ओकून टाकलं. गेल्या वर्षी नात झाली तेव्हा तुम्ही टेबलापाशी माझ्या डाव्या बाजूला बाळ घेऊन उभे होतात. मी कधी बघते याची वाट बघत होतात. मी ढिम्म. तुम्ही पाण्याचा पेला माझ्या हाताशी सरकवलात, मी तो उलथा केला आणि लेकीलाच बोलले, पेले कुठेही ठेवतेस म्हणून. घरातले सगळे म्हणाले, आईने मुद्दाम पाठ फिरवली. तुम्ही त्यांना म्हणालात, "तिला माझा अपमान करायचा असता तर तिने आधी बघून घेतलं असतं." हे मला लेकीने सांगितलं तेव्हा मी पदराने तोंड झाकून रडले. इतकं मला आजवर कोणी ओळखलं नाही, आणि ज्याने ओळखलं त्याच्यावरच मी वर्षभर दात धरून होते.

तिने मला डोळे दाखवायला सांगून पाहिलं होतं, ते आठवलं. तुम्ही सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं तेही मला माहीत आहे. डॉक्टरकडे गेले नसते, तुमचा हेतू तपासत बसले असते.

तपासणीची गंमत तुम्ही बाहेर बसला होतात म्हणून तुम्हाला कळली नाही. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवतात आणि हातात बटण देतात. इकडे तिकडे बारीक दिवे लागतात, दिसला की दाबायचं. झाल्यावर मी तिथल्या मुलीला सांगितलं, बाई गं, तुझ्या मशीनचे डावीकडचे दिवे गेलेत, बदलून घे. ती म्हणाली, नाही हो आजी, सगळे लागत होते. मी तिच्यावरही संशय घेतला. मग तिने तोच कागद डॉक्टरांना दिला आणि डॉक्टर माझ्याशी फार मवाळ बोलायला लागले, तेव्हा मी ओळखलं.

काचबिंदू म्हणतात याला. आयुष्यभर काचेतली खोट शोधली आणि ती शेवटी कुठे निघाली बघा. डाव्या डोळ्यातलं बरंचसं गेलं आहे, ते परत येत नाही. उजव्याला नुकतीच सुरुवात आहे. समोरचं शाबूत राहतं, कडेकडून खात खात येतं, दुखत नाही, आणि जे दिसत नाही तिथे मन आपल्याच मनाने काहीतरी भरून टाकतं. म्हणून तक्त्याची शेवटची ओळ वाचता येते आणि शेजारी उभा असलेला नवरा दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आणि रोजचे थेंब यांनी उरलेलं राखता येईल, आणखी वर्षभर घरी बसला असता तर राखायला फारसं उरलं नसतं. आणि त्या कागदावर माझी सही झाली असती तर हे सगळं आपल्या खर्चाने झालं असतं, किंवा बहुतेक झालंच नसतं. मी मला ओळखते.

सायकलवाल्याची माफी मागून आले. तो म्हणाला, काकू, सायकल परत आणू का? मी म्हटलं, आणू नकोस.

ही झाली तुम्ही पकडलेली खोट. आता मी पकडलेली.

परवा तुम्ही बसने परत गेलात. म्हणालात, पाट्यांची कामं खोळंबली आहेत, आणि तुझं आता बरं आहे. तुम्ही गेल्यावर मी तुमची पत्रं काढली आणि उजव्या डोळ्याने, खिडकीशी नेऊन, पुन्हा बघितली. तुम्ही म्हणता तुम्ही आजारी नाही, 'नाव ठेव' हा नुसता बहाणा होता. मान्य. मग ओळी खाली का उतरल्या? पाकिटावरचा पत्ता शेजारच्या मास्तरांकडून का लिहून घेतला? तुमच्या हातचं अक्षर बघून टपाल चुकतं, असं लेकीला सांगितलंत म्हणे. ज्याच्या अक्षरावर दुकानं चालली त्याचं?

विम्याच्या बाईने तुम्हाला दोनदा सही करायला लावली होती. पहिली जुन्या नमुन्याशी जुळेना. तुम्ही म्हणालात, पेन खराब आहे. त्याच पेनाने मी आधी लिहिलं होतं, पेन उत्तम होतं. चहा पिताना तुम्ही कप दोन्ही हातांनी धरत होता. लेक म्हणाली, बाबांना थंडी वाजते. मार्चमध्ये?

आणि खांद्यावरचा तो हात. त्या दिवशी मला वाटलं, सहा वर्षांनी बायकोला हात लावला म्हणून तो थरथरतो आहे. मला ते बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण दवाखान्यातून येताना जिन्यावर तुम्ही मला धरलं होतं, तेव्हाही तो तसाच थरथरत होता. गेल्या आठवड्यात, तुम्ही झोपलेले असताना, मी मुद्दाम जवळ बसून पाहिलं. उजवा हात उशीवर होता आणि त्याचा अंगठा आपला आपण हलत होता.

काही नसेलही. वयाने होतं, दमणुकीने होतं, शिडी धरून धरून होतं. तुम्ही 'ठणठणीत' म्हणालात, मीही तुम्हाला तेच लिहिलं होतं, आणि तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. पण ज्या बाटलीची शंका आली ती मी कधी पुढे जाऊ दिली नाही, मागून साहेबांनी कितीही आरडाओरडा करू दे. बाजूला काढायची आणि नीट बघायची.

म्हणून माझ्या डॉक्टरांना विचारून मी हातापायांच्या नसा बघणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पुढच्या बुधवारी सकाळी, तुमच्या नावाने. कार्डावर नाव आहेच, दीड वर्ष कोणी ते काढू शकत नाही. बस आदल्या दिवशीची धरा. जुनी खोली झाडून घेतली आहे, कपाटाचं दार सुताराने पाहिलं, त्यात काही बिघाड नव्हता. शिडी तिथेच राहू द्या. पाट्या थांबतील.

आता नाही म्हणू नका, आणि 'मला काही झालेलं नाही' असंही म्हणू नका. तुम्ही बसला आहात तिथे मागे मी येऊन उभी राहिले आहे आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवला आहे. आमच्यात काय करतात ते तुम्हाला माहीत आहे.

उठा.

तुमची,
मी